त्या रात्री करदोडा सरकवून पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमला

मॅडम, नमस्कार. तुम्हाला मी आठवणार नाही, कॅज्युअल्टीत रोज माझ्यासारखे किती जण तुमच्यावर ओरडत असतील. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री दोनच्या सुमारास ऑटोतून एका म्हाताऱ्याला आणलं होतं, 'बैल सोडा, बैल सोडा' असं बडबडून राहिले होते, ते माझे बाबा. आणि 'आधी सलाईन लावा ना, शेतीच्या चौकश्या काय करून राहिल्या' असं तुम्हाला बोलली ती मी. म्हणून आधी माफी, मग आभार.

दुपारीच गल्लीतून पोरं 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडत गेली होती आणि आमच्याकडे तापाचा सातवा दिवस. पाच दिवस एका खाजगी दवाखान्यात भरती होते, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, प्लेटलेट ६२ हजार, तरी म्हणे डेंग्यूसारखंच आहे, आणि सकाळ-संध्याकाळ सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन. बिल वाढत गेलं, ताप तिथल्या तिथं. दम लागायला लागला, बोलणं भरकटलं, तेव्हा म्हणाले मोठ्या ठिकाणी न्या.

तुम्ही ती जाडजूड फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, मागच्या दोन-तीन आठवड्यांत गवतात, झुडपात गेले होते का. गेले होते ना! काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, पोळ्याच्या आधी बैलांसाठी धुऱ्यावरचं गवत कापत होते. मग तुम्ही पडदा ओढला, सिस्टरला टॉर्च धरायला लावला आणि काखा, जांघा, पोटाच्या घड्या सगळं बघत गेल्या. करदोडा सरकवला तर खाली एक काळी खपली, विडीचा चटका बसावा तेवढी, भोवती लालसर. ना खाज ना दुखणं, त्यामुळे बाबांना माहीतच नाही, आणि आई रोज अंग पुसायची पण करदोडा कोण सरकवते बाप्पा!

'स्क्रब टायफस दिसतो,' तुम्ही म्हणाल्या. गवतातल्या माईट नावाच्या बारीकशा किड्याचं पिल्लू चावते, डोळ्याला धड दिसतही नाही, आणि ताप यायला ६ ते २१ दिवस लागतात, म्हणून चावल्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही. २०१८ साली आपल्या विदर्भात याची साथ आली होती तरी आम्हाला नावही माहीत नव्हतं. रक्त या आजाराच्या आयजीएम टेस्टला पाठवलं, पण रिपोर्टसाठी थांबला नाहीत, तेव्हाच शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि सोबत अझिथ्रोमायसिन. मी विचारलं दोन-दोन काहून, तर दम लागलेल्या पेशंटला दोन्ही मिळून जास्त काम करतात असं २०२३ मध्ये आपल्याच देशातल्या अभ्यासात दिसलं, हे तुम्ही त्या धावपळीतही सांगितलं. आणि तोपर्यंतची ती महागडी इंजेक्शनं? हा जंतू पेशीच्या आत राहतो, त्याला ती लागूच पडत नाहीत म्हणे. हे ऐकून मला रडू आलं, रागानं.

सकाळी बाबांच्या बेडपाशी पोरापोरींना शिकवत होत्या ते मी कान देऊन ऐकलं. अमेरिकेत टुलारेमिया म्हणून ताप आहे, १९११ साली कॅलिफोर्नियातल्या टुलारे काउंटीत खारींमध्ये सापडला, गोचीड चावून किंवा ससा सोलताना माणसाला होतो, चावल्याजागी फोड आणि जवळची गाठ सुजते. त्यालाही सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही, जास्त आजारी पेशंटला जेंटामायसिन देतात, आणि लॅबला आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, हाताळणाऱ्यालाच लागण होऊ शकते. औषध वेगळं, पण विचारायचं तेच, कुठं गेला, कशाला हात लावला, आणि कपडे काढून अंग बघायचं. स्क्रब टायफसची खपली प्रत्येकाला नसते, म्हणून नाही दिसली तरी विचारायचं सोडू नका, हे तुम्ही दोनदा म्हणाल्या.

दुसऱ्या रात्री ताप उतरला. तिसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला आणि बैलांना आंघोळ घातली का ते विचारलं. पोळा होऊन गेला हे ऐकून चिडले. रिपोर्ट नंतर पॉझिटिव्ह आला.

सुट्टी झाली त्या दिवशी आईनं तुमच्यासाठी सांबारवडी करून आणली होती, पण तुमची ड्युटी संपली होती. डबा गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या भाऊंकडे ठेवला, मॅडमलाच द्या म्हणून तीनदा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही तो तुमच्यापर्यंत पोचला असेल असं वाटत नाही.