राणी एलिझाबेथ, पण बेल्जियमच्या

महोदय,

युरोपातल्या राण्यांविषयी आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक मुकुट, पोशाख आणि लग्नांबद्दल. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ (१८७६–१९६५) यांचं नाव मात्र क्वचितच दिसतं, याची मनापासून खंत वाटते.

त्या मूळच्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या. वडील सरदार घराण्यातले असूनही डोळ्यांचे डॉक्टर होते. १९१४ मध्ये जर्मनीनं बेल्जियमवर आक्रमण केलं, तेव्हा माहेर शत्रूच्या बाजूला होतं. तरीही त्या राजे अल्बर्ट यांच्यासोबत देश न सोडता आघाडीजवळच्या द पान या किनाऱ्यावरच्या गावी राहिल्या. तिथल्या समुद्रकाठच्या हॉटेलात युद्धरुग्णालय उभं राहिलं होतं. जखमा धुण्यापासून मलमपट्टीपर्यंतच्या कामात राणी हातभार लावत. हे धैर्य मला कोणत्याही राज्याभिषेकापेक्षा मोठं वाटतं.

स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्या या राणीच्या पाठबळानं १९३७ मध्ये ब्रसेल्सला संगीतस्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी सोव्हिएत वादक डेव्हिड ओइस्त्राख जिंकले. १९५१ पासून ती राणीच्याच नावानं ओळखली जाते आणि आजही जगभरातले तरुण वादक तिथे उतरतात.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझी अधिकाऱ्यांकडे ज्यूंसाठी रदबदली केली. त्याबद्दल १९६५ मध्ये ज्यू हत्याकांडाच्या स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्यांचा सन्मान केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या.

आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, पुणे