दात्याची शीर हा शेवटचाच पर्याय असावा

संपादक महोदय,

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत (अडलेल्या धमनीला वळसा देऊन रक्ताला नवी वाट करताना) सहसा रुग्णाच्याच पायाची शीर किंवा छातीतील धमनी वापरतात. परंतु व्हेरिकोज व्हेन्समुळे (पायातील फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांमुळे) पायाची शीर आधीच काढलेली असेल, तर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून जपलेली मृत दात्याची शीर काही देशांत क्वचित वापरली जाते. ती वितळवून, धुऊन जोडता येते खरी. मात्र शरीर तिला परकी मानते आणि अशा अनेक शिरा वर्षभरातच बंद पडल्याचा अनुभव आहे. म्हणून आधी दुसऱ्या बाजूची छातीतील धमनी व मनगटाची धमनी तपासावी. तरीही दात्याची शीर वापरावी लागलीच, तर नातेवाइकांनाच नव्हे, खुद्द रुग्णाला हा धोका स्पष्ट सांगावा आणि डिस्चार्ज कार्डावर तशी ठळक नोंद करावी. पुढे छातीत दुखू लागल्यास डॉक्टरांना ती माहिती तातडीने लागेल.

आपला,
एक नियमित वाचक