'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगत होतीस, पण मला काही हसू आलं नाही. प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोनच्या (नेलपॉलिश काढायला वापरतात तो द्रव) बाटलीवर 'इन्फ्लेमेबल' वाचलंस आणि ती बर्नरशेजारी ठेवलीस. का, तर 'इन' म्हणजे नकार, म्हणजे हे पेटत नाही! शेजारच्या मुलीने वेळीच उचलली म्हणून बरं. रागावत नाहीये. तर्क सरळच होता तुझा, शब्द फसवा आहे.

'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारा, 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेला. मग 'इन्फ्लेमेबल' हा न पेटणारा, असं कुणालाही वाटेल. गोम अशी की लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगळे 'इन' आलेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. 'इनहेल'मध्ये, 'इन्फ्लेट'मध्ये हा दुसरा असतो. लॅटिन 'फ्लाम्मा' म्हणजे ज्वाला, 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. त्यातून 'इन्फ्लेमेबल' : सहज पेट घेणारा, ज्वालाग्राही. घसा सुजतो, लाल होतो, आग आग होते, ते 'इन्फ्लमेशन' त्याच घरातलं. माथी भडकवणारं भाषण 'इन्फ्लमेटरी', तेही तिथलंच.

आणि आपण इंग्रजीला हसायला नको. 'विमल'मधला 'वि' मळ काढून टाकतो. 'विशुद्ध'मधला 'वि' शुद्धता काढत नाही, उलट वाढवतो. लहानपणापासून कानावर असल्यामुळे आपण अडखळत नाही, एवढंच.

गंमत म्हणजे 'इन्फ्लेमेबल' हाच जुना शब्द, सतराव्या शतकापासूनचा. 'फ्लेमेबल' 1813मध्ये एका लॅटिन ग्रंथाच्या भाषांतरात दिसतो आणि पुढे शंभरेक वर्षं त्याला कुणी फारसं विचारत नाही. त्याला वर आणलं ते आगीला भिणाऱ्यांनी. तुझ्यासारखाच अर्थ लावून कुणी जळून मरेल, या भीतीने अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. 1959मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तेच धोरण जाहीर केलं. म्हणून आज दोन्ही शब्द आहेत, दोन्हींचा अर्थ एकच, आणि न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल'.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. 'माझ्या अपरोक्ष' कुणी म्हणालं की मी टोकतो. परोक्ष म्हणजे नजरेआड, मग अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. लोक वापरतात नेमकं उलटं. जुना, व्युत्पत्तीला धरून असलेला शब्द सोडायला माझं मन होत नाही. पण इथे मी बिनतक्रार 'फ्लेमेबल'च्या बाजूने आहे. 'अपरोक्ष' चुकलं तर फार तर माझ्यासारखा एखादा म्हातारा कुरकुरेल. बाटलीवरचा शब्द तर घाईत, अर्धवट इंग्रजी येणाऱ्यालाही एका नजरेत कळला पाहिजे. तेव्हा तुला लेबल लिहायची वेळ आली तर 'फ्लेमेबल' लिही. निबंधात 'इन्फ्लेमेबल' लिहिलंस तरी चूक नाही.

खरं तर आता शब्दापेक्षा चित्रावर जास्त भर असतो. लाल किनारीचा, कोनावर उभा चौकोन आणि आत ज्वाला, म्हणजे पेटणारं. ज्वालेखाली वर्तुळ असेल तर गोष्ट वेगळी: तो पदार्थ स्वतः पेटेलच असं नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतो. ही दोन चित्रं घाईत सारखीच दिसतात, तेवढं जपून.

आणि अ‍ॅसिटोनबद्दल. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंश सेल्सियसच्या आसपास आहे. म्हणजे एवढ्या थंडीतही ठिणगी लागली तर पेटेल इतकी वाफ त्यातून निघते. तुमच्या प्रयोगशाळेतल्या तापमानाला तर कायमच. ती वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरकत ज्योतीपर्यंत जाते. त्यामुळे बाटली चार हात लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. आधी बर्नर बंद, मग झाकण उघडायचं.

हे सगळं तुझ्या आईला सांगितलेलं नाही. तिच्या परोक्ष लिहितोय. हो, परोक्षच.

तुझा,
बाबा