बाबा, रस्सा राहू दे, फोडी खा

पिसा (इटली), रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

फोनवर बाबा दोन मिनिटांत "हं, घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

ऑपरेशननंतर बाबांचं उतरलेलं चार किलो वजन अजून भरून आलं नाही, असं दादा म्हणाला. डॉक्टर म्हणे "वयोमानाने होतं" म्हणाले. मला नाही पटलं. बाबा, तुम्ही जेवता कसं ते मला पाठ आहे. घरात कोंबडी शिजली की तीन वाट्या रस्सा, भुरके मारत, कपाळाला घाम फुटेपर्यंत. आणि फोडी सगळ्या नातवंडांच्या ताटात. "ताकद रश्शात, चोथा पोरांना." कवळी बसवल्यापासून तर निमित्तच मिळालंय. आई, तू हसू नकोस. मान आणि पाठ स्वतःला घेऊन "मला हेच आवडतं" म्हणणारी तू.

आज आठवण व्हायचं कारण वरच्या मजल्यावरच्या आजी. वय 84, एकट्या राहतात, खालचे दात जवळजवळ नाहीतच. त्या अधूनमधून रविवारी 'पोल्लो आल्ला कात्चातोरा' करतात, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची कोंबडी. आज मला शेजारी उभं करून दाखवली. कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद परतायची. करपवायची नाहीच, कांदा फक्त घाम फुटल्यासारखा दिसला पाहिजे. मग कोंबडीच्या मांड्या दोन्हीकडून लालसर करून घ्यायच्या, लसूण, रोझमेरीची काडी, थोडी वाइन, वरून टोमॅटो. झाकण किंचित तिरपं ठेवून तासभर बारीक आच. खोबरं नाही, मसाला नाही; आई, तुला ते आजाऱ्याचं जेवण वाटेल. पण आजींनी काटा नुसता टेकवला आणि मांस हाडावरून घसरून ताटलीत पडलं. सुरी लागली नाही, दातही फारसे लागले नाहीत. त्यांच्या ताटलीत शेवटी स्वच्छ हाडं उरली. बाबा, मला तुमचं ताट आठवलं. तिथे हाडं नसतातच.

मांडीत जी चिवट पांढरी पटलं असतात ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाची. ओलसर, मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं, म्हणून मांडी मऊ पडते आणि रस दाटसर होतो. छातीचं मांस तितकाच वेळ शिजवलं तर कोरडं, भुसभुशीत होतं. कवळीवाल्याने मांडीच घ्यावी.

आता हिशेब. तुम्ही जन्मभर कारखान्याच्या वह्या लिहिल्यात, तेव्हा आकड्यांतच बोलते. आजच्या पातेल्यात हाड आणि कातडी वगळून अंदाजे 700 ग्रॅम मांस, दोन डबे म्हणजे 800 ग्रॅम टोमॅटो, तीन मोठे चमचे तेल आणि कांदा-गाजर. सगळं मिळून साडेचौदाशेच्या आसपास कॅलरी, चार जणांत वाटल्या तर माणशी 365. प्रथिनं माणशी सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे सहा अंड्यांएवढी. यातली जवळजवळ सगळी कुठून आली? फोडींतून. रश्शात उतरतं ते मीठ, तेल, चव आणि थोडं जिलेटिन, आणि त्या जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एक वीट, मुळीच नसतं. म्हणजे तुम्ही खर्चाची बाजू पिऊन टाकता आणि जमेची बाजू पोरांना वाटता. आणि हो, चोथा म्हणजे तंतू, तो मांसात नसतोच. तो गाजरात आणि कांद्यात असतो. इतकी वर्षं चुकीच्या खात्यावर नोंद!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. साठीनंतर स्नायू झिजतात, म्हणून इकडचे आहारतज्ज्ञ ज्येष्ठांना 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. तुमचे 58 किलो, म्हणजे दिवसाला 58 ते 70 ग्रॅम. दोन मांड्यांत निम्मं काम होतं. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, ते ठीक आहे असं दादाने सांगितलं म्हणूनच हे लिहितेय. मूत्रपिंडाची तक्रार असती तर प्रथिनं आणि टोमॅटोतलं पोटॅशियम, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायला सांगितलं नसतं.

कातडी मात्र काढाच. कच्चं मांडीचं मांस 100 ग्रॅमला 120 कॅलरीच्या आसपास. तेच कातडीसकट 220. तेलाचंही तसंच, एका मोठ्या चमच्याच्या 120, मग ते ऑलिव्हचं असो की आपलं घाण्याचं शेंगतेल.

पण तेल अगदी काढूही नये, आणि इथे टोमॅटोची गंमत आहे. त्याचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा. कच्च्या टोमॅटोत ते पेशींत अडकून असतं. शिजलं की सुटतं, आणि ते तेलात विरघळणारं असल्याने तेलाच्या सोबतीनेच अंगी लागतं. क जीवनसत्त्व शिजताना कमी होतं, तेव्हा त्यासाठी वेगळं लिंबू पिळा.

आजी टोमॅटोबद्दल अशा बोलतात की जणू रोमन राजे खात होते. खरं तर तो अमेरिकेतून आलेला; इटलीतली त्याची पहिली नोंद 1548 सालची, आणि तीही याच पिसातली, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या वाड्यावर एक टोपली पोचल्याची. म्हणजे शिकारी होते तेव्हा टोमॅटो नव्हता! हे मी आजींना ऐकवलं नाही. पुढच्या रविवारचं जेवण गेलं असतं.

मिठाचं सांगते, बाबांच्या बी.पी.साठी. तोस्कानात, म्हणजे पिसाच्या या प्रांतात, पाव बिनमिठाचा असतो, त्याला 'शोक्को' म्हणतात. अळणी हा अर्थ, आणि मूर्ख हाही. शेवटी त्याच्या तुकड्याने ताटली पुसून घेतात, आपण भाकरीने पुसतो तशीच. भाकरीतही मीठ नसतं, तेव्हा भाकरीच बरी. मग दिवसाच्या एका चमच्याच्या, पाच ग्रॅमच्या, मर्यादेत राहता येईल. मात्र लोणचं बाजूला.

आई, करशील तेव्हा वाइन नकोच. "दारू उडून जाते" हे अर्धंच खरं आहे, अर्ध्या तासानंतरही एक तृतीयांशाहून जास्त उरते. एक चमचा व्हिनेगर घाल. सेलरी मिळाली नाही तर सोडून दे. रोझमेरीऐवजी तमालपत्र आणि चार मिरे. आपली टंबाटी आंबट असतात, म्हणून गाजर एक जास्त घे, साखर नको. कुकरला लावू नकोस, शिट्ट्यांमध्ये ती मजा नाही. आणि या वेळी मान-पाठ मांजराला. तुझ्याही ताटात दोन मांड्या.

सोमवार-गुरुवार सोडून केव्हाही करा. दादाला जेवण झाल्यावर तुमच्या दोघांच्या ताटांचा फोटो पाठवायला सांगितलंय. मी हाडं मोजणार आहे. प्रत्येकी दोन.

तुमची,
चिमी