आतल्या भिंतीही ‘कार्पेट’मध्येच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरखरेदीत कानावर पडणाऱ्या शब्दांचा तक्ता वाचला. उपक्रम चांगला आहे. आमच्या सोसायटीत कुणीतरी तो कापून सूचना फलकावर लावलासुद्धा. पण ‘कार्पेट एरिया’समोर ‘घरात गालिचा अंथरता येईल एवढी जागा’ असं छापलंय, ते पाहून राहवलं नाही. हाच अर्थ डोक्यात धरून आम्ही सोळा घरांची माणसं पुनर्विकासाच्या बोलणीला बसलो होतो आणि थोडक्यात वाचलो.

2016 च्या रेरा कायद्यानुसार (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा) कार्पेट मोजताना बाहेरच्या भिंती, डक्ट म्हणजे पाइपांसाठी सोडलेली पोकळी, आणि त्या घरापुरती असलेली बाल्कनी किंवा उघडी गच्ची वगळायची. खोल्याखोल्यांमधल्या आतल्या भिंती मात्र धरायच्या. आता भिंतीखाली गालिचा कोण अंथरतं? त्याआधीच्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅटविक्रीच्या जुन्या कायद्यात, बाल्कनी कार्पेटमध्ये धरलेली, फक्त ती वेगळी दाखवायची. म्हणून तर बिल्डरच्या ऑफिसात ‘मोफा कार्पेट की रेरा कार्पेट?’ असं विचारलं जातं. विचारणारा अर्थात त्यांच्यातलाच असतो, आपण नव्हे.

आमची इमारत तळमजला अधिक तीन, 1984 ची. करारनाम्यात घराचं क्षेत्र बिल्ट-अप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकट, 540 चौरस फूट. त्याला 1.2 ने भागायचं हा सर्वांना तोंडपाठ असलेला हिशेब, म्हणजे कार्पेट 450, बाल्कनीसकट. विकासकाने ‘सध्याच्या कार्पेटवर 30 टक्के जास्त’ असा प्रस्ताव दिला. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘585 चौरस फूट रेरा कार्पेट’. सभेत टाळ्या पडल्या. खजिनदार म्हणून मीही वाजवल्या.

महिन्याभराने दुसरा मसुदा आला. त्यात 585 चा आकडा जागच्या जागी होता, फक्त ‘रेरा’ जाऊन तिथे ‘युजेबल’ आलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नसतं, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्या सभेत एरवी फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलतात, त्यांनी विचारलं, “युजेबल म्हणजे मागच्या वेळचंच ना?” विकासकाचा माणूस हसला आणि म्हणाला, “काकू, उलट चांगलं. वापरता येणारी सगळी जागा.” त्या ‘सगळी’वर मी अडकलो. घरी नकाशा पसरून बसलो.

नकाशात आतल्या भिंती मिळून साधारण 60 फूट लांब, प्लास्टर धरून पाच इंच जाड. म्हणजे 25 चौरस फूट. बाल्कनी आणि धुण्याभांड्यांची ड्राय बाल्कनी मिळून 40. आपल्या जुन्या पद्धतीने, म्हणजे भिंती वगळून आणि बाल्कनी धरून मोजायचं, तर पहिल्या मसुद्यात घर होतं 585 वजा 25 अधिक 40, म्हणजे 600. दुसऱ्या मसुद्यात बाल्कनी 585 च्या पोटातच घेतली होती, त्यामुळे भिंतींचे 25 वजा जाऊन हाती उरत होते 560. एक शब्द बदलला आणि घरामागे 40 चौरस फूट गेले. सोळा घरांचे 640. म्हणजे एक अख्खा फ्लॅट आणि वर थोडं! फुटाला 9,000 रुपये धरले तरी 57 लाख 60 हजार होतात. ‘युजेबल कार्पेट’ला रेरा कायद्यात व्याख्याच नाही. त्यात काय घालायचं ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

विकासकाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. पहिला मसुदा त्याने सरळ दिला होता, तो आम्हाला वाचता आला नव्हता, एवढंच. शेवटी आम्ही ‘कार्पेट’ या शब्दावर भांडणं सोडून दिलं. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, प्लास्टर झाल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत, फूट-इंचात, आणि बाल्कनी वेगळ्या ओळीत, असा तक्ता करारनाम्याला जोडायला लावला. त्याला दोन महिने गेले. वकिलांची फी वाढली ती वेगळीच.

इंग्रजी शब्दांमुळे हा घोळ होतो असं कुणी म्हणेल, तर मराठीत तो जास्तच आहे. सरकारी भाषेत कार्पेट एरिया म्हणजे चटई क्षेत्र आणि एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, त्याला चटई क्षेत्र निर्देशांक. एकीकडे बाहेरच्या भिंती सोडायच्या, दुसरीकडे त्या धरायच्या, आणि चटई मात्र दोन्हीकडे तीच. आमच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी दोन्ही एकच समजून निर्देशांकाने घराच्या क्षेत्राला गुणलं होतं. आलेला आकडा पाहून ते दोन दिवस खुशीत होते.

तक्त्यात आणखी एक दुरुस्ती हवी. ‘सीसी’समोर आपण नुसतं ‘पूर्णत्वाचा दाखला’ असं दिलंय. आमच्या भागात बिल्डर ‘सीसी आलं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात बांधकाम सुरू करण्याची परवानगी (कमेन्समेंट सर्टिफिकेट, तेही ‘सीसी’च) असते, आणि तीही कधी कधी फक्त जोत्यापर्यंतची. माझ्या मेव्हण्याने ‘सीसी आलंय’ एवढ्या वाक्यावर बयाणा दिला होता. साइटवर गेला तर खड्ड्यात पाणी साचलेलं. राहायला जाण्यासाठी जो कागद लागतो तो ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. त्याच्याआधी फर्निचर करून घ्यायला म्हणून किल्ली देतात, त्याला ‘फिट-आउट पझेशन’ म्हणतात. नाव ताब्याचं, पण तो कायदेशीर ताबा नाही. लोक मात्र सुतारकाम संपलं की गणपती बसवून तिथेच राहायला लागतात, आणि ओसीअभावी नळाचं पाणी नसल्याने पुढे टँकरची बिलं भरतात. ‘फिट-आउट पझेशन’ हा शब्द आपल्या तक्त्यात नव्हताच. पुढच्या शनिवारी दुरुस्ती छापाल तेव्हा तोही घ्यावा. फलकावरचा जुना तक्ता मी तोवर काढून ठेवला आहे.

आपला,
एका गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार,
डोंबिवली (पूर्व)