डार्मस्टाटहून आई-बाबांना

११ जानेवारी

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. शेंगाचटणी अजून उरलीय, पार्सलची घाई नको. १४ तारखेला अक्षता सोहळ्याचे नंदीध्वज मात्र व्हिडिओवर दाखवाच.

बाबा, फोनवर तुम्ही 'प्रयोगशाळेतल्या किरणांनी काही होणार नाही ना' असं विचारता आणि मी नीट सांगू शकत नाही, म्हणून लिहितेय. आम्ही जड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, प्रचंड वेगाने बेरिलियमच्या तुकड्यावर आदळवतो. त्यातून न्यूट्रॉन ठासून भरलेली अणुकेंद्रं निघतात, ती टिकतच नाहीत. लिथियम-११ घ्या, तीन प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन, अर्धायुष्य, म्हणजे त्यातली निम्मी केंद्रं विघटित व्हायला लागणारा वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात त्याला पकडून मोजायचं. बीम, म्हणजे त्या आयनांचा झोत, चालू असताना आत कोणालाच सोडत नाहीत. मधे जाड काँक्रीटची भिंत, आम्ही कंट्रोल रूममध्ये, छातीला किरणं मोजणारा डोसिमीटर. शेजारचे काका काहीही सांगोत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आई, इथली एक गोष्ट मला अजून पचत नाही. बाहेर बर्फ पडत असतो आणि ही माणसं सकाळी उठून घराच्या खिडक्या सताड उघडतात! आधी हीटर बंद करायचा. फट ठेवून चालत नाही, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, वारा आरपार गेला पाहिजे. पाच-दहा मिनिटांनी बंद. संध्याकाळी परत तेच. भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून भाडेकरारातच लिहिलंय, आणि घरमालकीणबाई विचारतातही. मी तेवढा वेळ तू दिलेली चादर गुंडाळून उभी असते.

आता दादाच्या लग्नाचं. आमच्या प्रयोगाला बीम नेमका त्याच आठवड्यात मिळालाय. तारखा समिती ठरवते, दिवसरात्र शिफ्ट असतात, एक माणूस कमी पडला तरी अडतं. मी खूप विनवून पाहिलं. हळदीला घरात मी नसेन, हे दादाला मीच सांगते, तुम्ही सांगू नका. वहिनीच्या शालूचे पैसे माझे.

पुण्याच्या स्थळाला नकार देऊ नका, प्रबंध होईपर्यंत थांबतील का एवढं विचारा. आणि माझ्यासाठी सोनं घेऊ नका. आई, तुला सांगितलं होतं ना, सोनं घडतं ते अशाच अल्पजीवी केंद्रांच्या वाटेने, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की. २०१७ साली दुर्बिणींना अशी टक्कर दिसली. रात्रीच्या शिफ्टला हे आठवलं की तुझ्या पाटल्याच डोळ्यांपुढे येतात. माझ्या तिकिटासाठी गहाण टाकल्यास त्या. महिनाअखेरीस पैसे पाठवते, आधी त्या सोडव, घराचा हप्ता नंतर. लग्नात त्या तुझ्या हातात हव्यात. सोडवल्यास की पावतीचा फोटो टाक.

तुमची,
मनू