दाराच्या चौकटीतला नंबर

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावरून पहिल्यांदा विमानात बसलास आणि आठवणीनं दाराच्या चौकटीतल्या पट्टीवरचा, कारखान्यानं विमानाला दिलेला नंबर माझ्यासाठी उतरवून घेतलास, किती बरं वाटलं म्हणून सांगू! शाळा सुटल्यावर सायकली काढून सांबऱ्याच्या कुंपणाशी उभे राहायचो, विमान येवो न येवो, ते सगळं डोळ्यांपुढं आलं.

तू विचारलंस, नंबर १४५ नं सुरू होतो, म्हणजे एवढी लाखभर विमानं झाली का? नाही गा. १४५ हे मॉडेल. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं पन्नास आसनांचं ईआरजे १४५. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९९५ मध्ये झालं. पुढचे आकडे क्रमाचे. त्यातही १३५ आणि १४० ही त्याची धाकटी भावंडं त्याच रांगेत मोजली जातात.

शेपटीकडं मोठ्या अक्षरात व्हीटी, म्हणजे भारताची खूण, होतं, तो नोंदणीचा नंबर वेगळा. तुझी मोटरसायकल इथं होती तेव्हा केए २२, पुण्याला नेलीस आणि एमएच १२ झाली. चेसिसवरचा नंबर बदलला का? तसंच हे. विमान दुसऱ्या देशात गेलं की व्हीटी पुसून तिथली अक्षरं रंगवतात. पट्टीवरचा नंबर मात्र कारखान्यातून निघाला तो भंगारात जाईपर्यंत तोच. आपल्या गावानं किती पाट्या बघितल्या! १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. म्हणून असेल, हा न बदलणारा आकडा मला फार जवळचा वाटतो.

बोईंगची रीत निराळी. तिथं एका विमानाला दोन नंबर. सीरियल नंबर ऑर्डरीच्या हिशेबानं कागदावर पडतो, आणि लाईन नंबर म्हणजे जोडणीच्या रांगेत ते कितवं. पहिल्या ७४७ चा सीरियल नंबर २०२३५, पण लाईन नंबर १. शेवटचं ७४७ त्यांनी ३१ जानेवारी २०२३ ला ग्राहकाच्या हाती दिलं, ते लाईन नंबर १५७४. इथं मोजणी आणि नंबर जुळले. एअरबसकडं तसं नाही. त्यांच्या शेवटच्या ए३८० चा नंबर २७२, आणि ग्राहकांना दिलेली विमानं २५१. काही विमानं चाचणीसाठी ठेवली, काही ऑर्डरी रद्द झाल्या. रद्द झालेल्यांचे नंबर तसेच रिकामे राहिले, दुसऱ्या कुणाला दिले नाहीत.

का दिले नाहीत, हे मी अंगावर शिकलोय. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका ऑर्डरीचे शंभर जॉब, म्हणजे सुटे भाग, होते, प्रत्येकावर नंबर पंच करायचा. ३७ नंबरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा गेला, रिजेक्ट. रजिस्टरात मधेच भोक नको म्हणून मी पुढच्या जॉबवर परत ३७ मारला. तपासणीत दोन ३७ निघाले आणि अख्खा लॉट थांबला. तीन दिवस आम्ही शंभरच्या शंभर परत मोजले. फोरमन ओरडले नाहीत. दोन्ही ३७ टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कानडीत एवढंच विचारलं, यातला चांगला कुठला, न मोजता सांग. मला सांगता आलं नाही. अजून कधी कधी रात्री ते दोन जॉब आठवतात.

पुढं मी अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ बद्दल वाचलं, तेव्हा त्या प्रश्नाचं वजन नीट कळलं. २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूला जाणारं विमान चोवीस हजार फुटांवर, आणि पुढच्या भागाचं छप्पर उडून गेलं. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. बाकीचे ९४ जण वैमानिकांनी जिवंत खाली उतरवले. त्या विमानाचा लाईन नंबर १५२. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यावर पत्रा चढवून जो सांधा करत, तो थंड चिकटवणीचा होता. ओल शिरली की चिकटवण सुटायची, सगळा ताण रिव्हेटवर यायचा आणि भोकाभोवती बारीक तडे जायचे. हे विमान तर जवळजवळ नव्वद हजार वेळा उडालेलं. लाईन नंबर २९१ पर्यंत सांधा असाच होता, २९२ पासून बदलला. म्हणजे अपघातानंतर जगभर कुठली विमानं उघडून बघायची हे त्या नंबरानं सांगितलं. मालक बदललेला असो, नवा रंग दिलेला असो, १ ते २९१ मधलं एकही विमान चुकवता येत नव्हतं. आपल्या फाउंड्रीत कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ओतणीचा नंबर, घालतात तो याचसाठी. एक तडकलं की त्याच ओतणीतली बाकीची कुठं गेली ते शोधता आलं पाहिजे.

तू दहा हजाराव्या विमानाचंही विचारलंस. दोन्हीकडं झालं ते. मार्च २०१८ मध्ये दहा हजारावं ७३७ बोईंगच्या रेंटनच्या कारखान्यातून बाहेर आलं. एअरबसनं त्याआधीच, १४ ऑक्टोबर २०१६ ला, दहा हजारावं विमान सिंगापूर एअरलाइन्सला दिलं. पण ती मोजणी सगळ्या मॉडेलांची मिळून. ते होतं ए३५०, आणि त्याच्या स्वतःच्या पट्टीवरचा नंबर शंभरच्याही आतला. अंगावर दहा हजाराचं चित्र रंगवलं होतं. मला अशा सोहळ्यांचा आनंद होतो, पण फोटो बघताना माझी नजर दाराच्या चौकटीकडंच जाते.

आई तुझी आठवण काढते. गणपतीला येशील तेव्हा कुंदा घेऊन ठेवते म्हणाली.

आणि एक काम कर. तुझ्या अक्षरातला शेवटचा आकडा ३ आहे की ८, लागत नाही. दोन्ही नंबरांची विमानं कुठं ना कुठं असणार, म्हणून वहीत अजून उतरवलेला नाही. कागद जपून ठेवला असशील तर बघून कळव.

तुझाच,
दोस्त